पदार्थ सगळ्यात शेवटी आणा: रेस्टॉरंटसाठी मोबाइलवर फोटो काढताना

पहिल्यांदा एका रेस्टॉरंटच्या मेनूचे फोटो काढायला गेले, तेव्हा मी मोठ्या ऐटीत आचाऱ्यांना सांगितलं होतं, "सगळे पदार्थ एकदमच पाठवा, भराभर उरकून टाकू." चौदा पदार्थ एकाच वेळी टेबलावर आले. मी अजून ट्रायपॉडचे पाय उघडत होते. तिसऱ्या पदार्थापर्यंत पोचले तोवर रश्श्यावर सायीसारखा थर धरला होता, तळलेलं सगळं मऊ पडलं होतं आणि आइस्क्रीमच्या वाटीत दूध उरलं होतं. बरेच पदार्थ पुन्हा करावे लागले. आचारी एका शब्दानं काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या खेपेला त्यांनी बशी ज्या आवाजात टेबलावर टेकवली तो आवाज मी विसरलेले नाही.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. फोटो आधी तयार करायचा आणि पदार्थ सगळ्यात शेवटी आणायचा. प्रकाश, जागा, कोन, फोकस हे सगळं रिकाम्या बशीवर ठरवून ठेवायचं. पदार्थ आला की दोन-तीन मिनिटांत काम संपलं पाहिजे. खालच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमानं आहेत. नवीन फोन किंवा कॅमेरा विकत घ्यायची गरज नाही. गेल्या काही वर्षांतला कुठलाही बरा फोन पुरतो.

आधी कागदावर यादी

किती पदार्थ, कुठल्या क्रमानं आणि फोटो कुठे जाणार, एवढं लिहून काढा. फोटो कुठे जाणार हे आधी ठरवण्याचं कारण आकार. इन्स्टाग्रामच्या पोस्टसाठी उभा ४:५ आकार, म्हणजे १०८० बाय १३५० पिक्सेल, सोयीचा पडतो. स्टोरी आणि रीलसाठी ९:१६ लागतो. २०२५ च्या सुरुवातीपासून इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवरचे चौकोन चौरस न राहता उभे ३:४ दिसतात, त्यामुळे जुने चौरस फोटो तिथे बाजूंनी कापले जातात. गूगलच्या व्यवसाय प्रोफाइलला जेपीजी किंवा पीएनजी फाइल लागते, आकार १० केबी ते ५ एमबीच्या दरम्यान, आणि ७२० बाय ७२० पिक्सेल असावी अशी त्यांची शिफारस आहे.

हे आकडे पाठ करू नका, बदलत राहतात. त्यातून घ्यायची गोष्ट एवढीच की एकच फोटो चार ठिकाणी चार तऱ्हांनी कापला जाणार आहे. म्हणून पदार्थाच्या चहूबाजूंनी थोडी मोकळी जागा सोडूनच फोटो काढायचा. बशी काठोकाठ भरून काढलेला फोटो नंतर रुंद करता येत नाही.

प्रकाश: अर्धं काम इथेच होतं

नवशिके विचारतात, कुठला फोन घेऊ? मी विचारते, तुमच्या रेस्टॉरंटला खिडकी कुठे आहे?

दिवसाउजेडी, गर्दी नसलेल्या वेळी, सगळ्यात मोठ्या खिडकीजवळचं टेबल पकडा. थेट ऊन नको. उन्हात सावल्या काळ्याकुट्ट पडतात आणि पांढरी बशी जळल्यासारखी दिसते. ऊन येतच असेल तर खिडकीवर पातळ पांढरा पडदा ओढा, नाहीतर ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपर चिकटवा. मग प्रकाश सूर्याच्या एका ठिपक्यातून न येता त्या अख्ख्या कागदातून येतो. प्रकाशाचा उगम जितका मोठा तितक्या सावल्या मऊ. ढगाळ दिवस मिळाला तर सोन्याहून पिवळं, अख्खं आभाळच पडदा होतं.

आता खिडकी कुठल्या बाजूला हवी? टेबलाला घड्याळाची तबकडी समजा. पदार्थ मधोमध, तुम्ही सहाच्या आकड्यावर. खिडकी नऊ ते अकराच्या दरम्यान असावी, किंवा एक ते तीनच्या. तुमच्या पाठीमागे, सहावर, कधीच नको. तुमची सावली पदार्थावर पडते हे एक कारण. दुसरं असं की तुमच्या बाजूनं पदार्थावर सरळ पडलेल्या प्रकाशात तो सपाट दिसतो, चित्र छापल्यासारखा.

याची खात्री करायची एक फुकटची युक्ती आहे. बशीच्या जागी स्वतःची मूठ ठेवा आणि टेबलाभोवती हळूहळू फिरा, नजर बोटांच्या पेरांवर ठेवा. खिडकी पाठीशी असताना पेरं दिसेनाशी होतात. खिडकी बाजूला आली की प्रत्येक पेराला एक उजळ आणि एक अंधारी बाजू मिळते, त्वचेच्या बारीक रेषासुद्धा उठून दिसतात. खिडकी मुठीच्या मागे गेली की कडांवर चमक येते आणि पुढचा भाग काळवंडतो. पावाचा खरपूस पापुद्रा, तळलेल्या पदार्थाचा खडबडीतपणा, भाताचं शीत न् शीत दाखवायचं असेल तर बाजूचा प्रकाश, म्हणजे नऊ किंवा तीन. रस्सा, सूप, सरबत, पाकात मुरलेलं काही असेल तर थोडा मागचा, दहा-अकरा किंवा एक-दोन. ओलसर पृष्ठभाग मागून येणाऱ्या प्रकाशात लकाकतो, आणि ती लकाकी पाहूनच तोंडाला पाणी सुटतं.

खिडकीच्या समोरच्या बाजूला एक पांढरी कार्डशीट किंवा थर्माकोलचा तुकडा उभा करा. अंधाऱ्या बाजूवर थोडा उजेड परत येतो. किती जवळ ठेवायची ते डोळ्यांनी ठरवा. सावली पूर्ण पुसू नका, तिच्यामुळेच पदार्थाला गोलाई येते. त्याच जागी काळा कागद ठेवला तर उलटा परिणाम होतो, सावली गडद होते. चॉकलेट केक किंवा कॉफीला तो शोभतो.

यानंतरची गोष्ट लोक हमखास विसरतात. खिडकीजवळ काम करताना खोलीतले दिवे बंद करा. पिवळ्या बल्बचा रंग साधारण २७०० ते ३००० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप) असतो, दिवसाच्या उजेडाचा ५५०० च्या आसपास. फोन एका वेळी त्यातल्या एकाचाच हिशेब नीट लावू शकतो. मग एकाच बशीतल्या भाताची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळसर येते, आणि पुढे एडिटिंगमध्ये कितीही डोकं फोडलं तरी सुधारत नाही.

खिडकीच नसेल किंवा रात्रीच वेळ मिळत असेल तर एक मोठा एलईडी दिवा बाजूला ठेवा, त्याच्यासमोर पांढरं कापड ताणून धरा आणि बाकीचे दिवे विझवा. दिवा घेताना सीआरआय हा आकडा पाहा, त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो. ९० च्या वर हवा. कमी सीआरआयच्या दिव्याखाली लाल रंग हटकून मरतो, टोमॅटो आणि मांस आजारी दिसतं. व्हिडिओ किंवा फोटोत आडवे काळे पट्टे दिसले तर तो दिव्याच्या लुकलुकण्याचा दोष. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, ६० हर्ट्झ असेल तिथे १२०. फोनच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथे सेटिंग्ज हातानं बदलता येतात तिथे, शटरचा वेग पहिल्या ठिकाणी १/५० किंवा १/१०० सेकंद, दुसऱ्या ठिकाणी १/६० किंवा १/१२० ठेवला की पट्टे जातात.

रिंग लाइट मात्र पदार्थांसाठी वापरू नका. सुपाच्या वाटीत, सॉसच्या प्रत्येक थेंबात, चमच्याच्या पोटात तो गोल चकाकत राहतो. फोनचा फ्लॅश तर नकोच.

रिकामी बशी, लिंबू आणि फोन

आता टेबलावर पार्श्वभूमी मांडा. प्लायवुडचे दोन फळकुट रंगवून ठेवले की वर्षभर पुरतात, एक फिकट, एक गडद, दोन्ही बिनचमकीचे. बशीसुद्धा शक्यतो साधी, बिननक्षीची, मॅट आणि नेहमीपेक्षा एक आकार लहान. तेवढाच वाढप लहान बशीत भरलेला दिसतो, मोठ्या बशीत केविलवाणा. शेजारी काय ठेवायचं? गिऱ्हाइकाच्या टेबलावर जे असेल तेवढंच. दालचिनीच्या काड्या, वाळकी फुलं, चश्मा, उघडी वही हे प्रकार मी सुरुवातीला खूप केले. आता ते फोटो पाहवत नाहीत.

बशीत पदार्थाच्या उंचीचं काहीतरी ठेवा, लिंबू, कांदा, चुरगळलेला कागद. आता फोन हातात घ्या.

आधी लेन्स पुसा. हसू नका, स्वयंपाकघरातल्या फोनच्या लेन्सवर तेलाचा हात लागलेला असतोच, आणि धुरकट फोटोचं कारण बऱ्याचदा तेवढंच निघतं. मग जाळीच्या रेषा चालू करा. कॅमेरा १x वर ठेवा. खऱ्या टेलिफोटो (लांबचं जवळ आणणाऱ्या) लेन्सचा २x किंवा ३x असेल तर तो घेऊन एक पाऊल मागे जा, पदार्थाचा आकार जास्त खरा येतो. ०.५x ची रुंद लेन्स जवळून वापरली की गोल बशी अंड्यासारखी ताणली जाते. काही फोन खूप जवळ नेलं की आपोआप रुंद लेन्सवर उडी मारतात. पडद्यावरचं फुलाचं चिन्ह दिसलं तर मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायचा मोड) बंद करा किंवा थोडे मागे सरका.

लिंबाच्या पुढच्या कडेवर बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड कुलूपबंद होतात. मग बोट खाली सरकवून उजेड किंचित कमी करा, पांढऱ्या बशीचा काठ वेगळा दिसेपर्यंत. थोडा अंधारा फोटो नंतर उजळता येतो, पण पांढराफटक पडलेल्या भागात काही उरलेलंच नसतं. मागचं सगळं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड मोहक वाटतो, पण काचेच्या ग्लासाची कड, वरचं हिरवं पान आणि वाफ यांच्याशी त्याचा नेहमी गोंधळ उडतो, अर्धं पान पुसलं जातं. शक्य असेल तर फोन ट्रायपॉडवर लावा आणि दोन सेकंदांचा टायमर ठेवा. हात मोकळे राहतात, आणि पुढे ते लागणार आहेत.

कोन

पदार्थाची ओळख कुठून पटते, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. पिझ्झा, सूप, भरगच्च ताट यांचा चेहरा वर असतो, तेव्हा फोन बरोबर डोक्यावर आडवा धरा. बर्गर, थरांचा केक, उंच ग्लासातलं पेय यांची गंमत बाजूला असते, तिथे फोन टेबलाच्या पातळीला आणा. वरून काढलेला बर्गर म्हणजे नुसता पाव. उरलेल्या बहुतेकांना खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर, म्हणजे साधारण ४५ अंश, जमून जाते. वरून काढताना फोन थोडा जरी कलला तरी बशी घसरल्यासारखी दिसते. बऱ्याच फोनमध्ये दोन अधिकचिन्हं दिसतात, ती एकमेकांवर बसली की फोन सपाट झाला.

आता पदार्थ बोलवा, एकेक करून

इथून पुढे घड्याळ चालू होतं. आचाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा: मी हाक मारली की एक पदार्थ, तो संपला की पुढचा. त्यांना टेबलाजवळ बोलावून फोनच्या पडद्यावर रिकामी बशी दाखवलीत तर आणखी छान. बशीची कुठली बाजू कॅमेऱ्याकडे आहे हे कळलं की ते आपण होऊन सगळ्यात देखणा तुकडा तिकडे लावतात.

प्रत्येक पदार्थ आपल्या तऱ्हेनं बिघडतो.

पानांचं सॅलड मिठानं मरतं. मीठ पानांतलं पाणी ओढून घेतं, म्हणून पानं शेवटपर्यंत बर्फाच्या पाण्यात ठेवा, झटकून कोरडी करा, बशीत रचा आणि ड्रेसिंग फोटोच्या क्षणी चमच्यानं वरून सोडा. हिरव्या भाज्या उकळत्या पाण्यात जेमतेम एक-दोन मिनिटं ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकल्या की रंग टिकतो. कापलेलं सफरचंद लिंबाच्या रसात बुडवून काढा.

रस्सेदार पदार्थात सगळे तुकडे तळाला जाऊन बसतात आणि फोटोत नुसता तपकिरी तलाव येतो. आधी तुकडे बशीत ढिगासारखे रचा, मग रस्सा पळीनं बाजूनं सोडा, तुकड्यांचे माथे वर राहतील इतकाच. दोन मिनिटांत वर थर धरायला लागतो. त्याच पातेल्यातला गरम रस्सा चमचाभर वरून ओतला की पुन्हा चमक येते. कोरड्या पडलेल्या तुकड्यावर ब्रशनं तेलाचा हात फिरवा, अगदी हलका.

तळलेलं टोपलीत एकावर एक रचून ठेवू नका. स्वतःच्याच वाफेनं मऊ पडतं. जाळीवर ठेवा आणि फोटोच्या वेळी बशीत घ्या. शिजलेलं मांस थोडा वेळ तसंच राहू द्या, पण काप शेवटच्या क्षणी करा. कापलेली बाजू बघता बघता कोरडी आणि निस्तेज होते.

आइस्क्रीमचे गोळे आदल्या दिवशी काढून ट्रेमध्ये फ्रीजरला कडक करा. वाटीही फ्रीजरमध्येच. बाहेर काढल्यावर पहिला अर्धा मिनिट ते दगडासारखे रुक्ष दिसतात, मग कडा किंचित विरघळायला लागतात. तो क्षण पकडायचा. कॉफीवरच्या फेसाला तर तेवढाही धीर नसतो.

वाफ हवी असेल तर मागून प्रकाश आणि त्यामागे गडद पार्श्वभूमी लागते, फिकट भिंतीसमोर वाफ असूनही दिसत नाही. खोली थंड असली की ती जास्त उठते. आणि ओतणं, तोडणं, पिळणं असं काही असेल तर एखादा हात फोटोत येऊ द्या. त्यासाठी ट्रायपॉड होता. धार गोठवायची तर शटर १/५०० किंवा जास्त वेगाचं ठेवा आणि एका ओघात वीस फोटो काढा, त्यातला एक चांगला निघतो.

शटर दाबण्याआधी ओल्या टिश्यूनं बशीचा काठ पुसा. बोटाचा ठसा, रश्श्याचा शिंतोडा डोळ्यांना दिसत नाही, फोटोत मात्र पहिला तोच दिसतो. वरचं पान चिमट्यानं ठेवा. नेहमीच्या कोनातून पाच-सहा फोटो झाले की एक अगदी जवळून, एक थोडा खाल्लेला. थोडा खाल्लेला फोटो लोकांना आवडतो असा माझा अनुभव आहे, विशेषतः बाहेरून तपकिरी आणि आतून रंगीत असलेल्या पदार्थाचा. तपकिरी पदार्थ ही या धंद्याची जुनी डोकेदुखी. फिकट बशी, बाजूचा प्रकाश आणि एक काप, यापलीकडे त्यावर माझ्याकडे औषध नाही.

लबाडी किती चालते

तुम्ही ऐकलं असेल: दुधाऐवजी डिंक, क्रीमऐवजी दाढीचा फेस. जाहिरातींत असले प्रकार झाले आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत कॅम्पबेल सुपाच्या जाहिरातीत वाटीच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या होत्या, भाज्या वर उचलल्या जाऊन सूप दाट दिसावं म्हणून. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं हरकत घेतली आणि १९७० मध्ये कंपनीला तो प्रकार थांबवण्याचा आदेश निघाला.

रेस्टॉरंटला तर हे परवडतच नाही. गिऱ्हाईक तुमचाच फोटो फोनवर उघडून समोरच्या बशीशी ताडून पाहतं, आणि मग स्वतः फोटो काढून तुमच्या फोटोशेजारीच टाकतं. माझी रेघ साधी आहे. जे बशीत वाढलं जाणार नाही ते फोटोत नाही, आणि वाढप रोजचाच. देखणा तुकडा निवडणं, काठ पुसणं, तेलाचा हात फिरवणं याला मी लबाडी म्हणत नाही. घरी पाहुणे आले की आपण हेच करतो.

एडिटिंग आणि फोटो टाकणं

स्नॅपसीड किंवा लाइटरूम, दोन्हीपैकी एक अॅप पुरे. क्रम असा ठेवा: फोटो सरळ करा, कापा, मग रंगाचा तोल, मग उजेड, शेवटी जमलंच तर चिमूटभर कॉन्ट्रास्ट. रंगाचा तोल बघायला पांढरी बशी किंवा टिश्यू हाच आरसा, तो पांढरा दिसला की बाकीचं आपोआप जागेवर येतं. पदार्थाला किंचित ऊबदार छटा बरी दिसते, पण हिरवी पानं पिवळी पडायला लागली की थांबा. सॅच्युरेशनला, म्हणजे रंगांच्या भडकपणाला, सहसा हात लावू नका, लाल सॉस लगेच प्लॅस्टिकचा होतो. तयार फिल्टरही नकोत. एडिटिंग करताना रात्री पडदा पिवळसर करणारं फोनचं सेटिंग बंद आणि पडद्याचा उजेड मध्यम हवा, नाहीतर अंथरुणात लोळत सुधारलेला फोटो सकाळी निळाशार निघतो. एकाच प्रकाशात काढलेल्या फोटोंना पहिल्याचीच सेटिंग्ज चिकटवा. वेळ वाचतो आणि मेनू एका घरचा वाटतो.

फोटो दुसऱ्याला पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साध्या पद्धतीनं पाठवला की तो दाबून लहान होतो. फाइलला पदार्थाचं नाव द्या. सहा महिन्यांनी 'आयएमजी' नावाच्या तीनशे फायलींतून सूप शोधण्यात दुपार जाते, अनुभवानं सांगते. सगळे फोटो एकाच दिवशी टाकू नका. जे पदार्थ सगळ्यात जास्त खपतात त्यांचे आधी जाऊ द्या.

टाकण्याआधी एक चाचणी मी चुकवत नाही. फोटो फोनवर अंगठ्याच्या नखाएवढा लहान करते आणि वाढणाऱ्या पोऱ्याला दाखवते. तो रोज शंभरदा ती बशी उचलतो. त्यानं पाहताक्षणी पदार्थाचं नाव घेतलं तर फोटो जातो. तो थबकला, फोन जवळ ओढून डोळे बारीक करायला लागला, तर मी पुन्हा खिडकीपाशी जाऊन रिकामी बशी मांडते.